रूपासाठी निवडलेलं पुस्तक

पुस्तक निवडायला बसली की सुकन्या आधी पानावरच्या अक्षरांवर तळहात ठेवायची आणि नुसतं चित्र बघायची. चित्राला अक्षरांवाचून बोलता येत असेल तर पुस्तक मांडीवर, नाहीतर परत ढिगात. भिवंडीच्या बाजारपेठेतल्या त्या अरुंद दुकानात ती वर्षातून एकदा यायची, चपला काढून सरळ फरशीवर बसायची, आणि दुकानदार चाचांना दरवर्षी त्याची गंमत वाटायची.

“मॅडम, आप तो पढती ही नहीं हो. खाली हाथ फिराती हो.”

“मेरे बच्चे भी नहीं पढते, चाचा,” ती हसून म्हणायची. “वो भी ऐसेच देखेंगे.”

तिची मुलं म्हणजे दिघाशीच्या बालवाडीतली मुलं. तीन ते पाच वर्षांची. कुणाचे आईबाप भातशेती करणारे, कुणाचे वडप्याच्या गोडाऊनमध्ये शिफ्टने जाणारे. सुकन्या मूळची याच पट्ट्यातली. डी.एड. झाली, शिक्षकभरतीची वाट बघता बघता लग्न होऊन अंबाडीला आली. नवरा भूपेश नाक्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. शाळेतली नोकरी काही तिला मिळाली नाही, पण एका संस्थेची बालवाडी मिळाली, आणि एकदा मिळाल्यावर तिने ती कधी सोडली नाही. रोज सकाळी अंबाडीहून शेअर रिक्षाने यायची, देवळामागच्या खोलीचं कुलूप काढायची, चटया झटकायची. मुलं यायच्या आधी खिडकीखालच्या फळीवर आजची पुस्तकं मांडून ठेवायची. कपाटात पुस्तकं कोंडून ठेवणं तिला पटायचं नाही. फाटली तर फाटली, ती चिकटवत बसायची.

पुस्तकांच्या बाबतीत तिच्या काही पक्क्या आवडीनिवडी होत्या. शेवटच्या पानावर मुलांना शहाणपण शिकवणारं पुस्तक ती घ्यायची नाही. फार गुळगुळीत, फार गुलाबी चित्रं तिला नको असायची. एकदा तिने परदेशी गायीचं पुस्तक आणलं होतं, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, दांडगी गाय. मुलांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि मग एक जण म्हणाला, “ताई, ही गाय न्हाय. हिला कुणी रंग लावलाय.” तेव्हापासून ती चित्र निवडताना मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या सगळ्यात लहान मुलाच्या डोळ्यांनी बघायला शिकली.

आणि तिची निवड बहुतेक वेळा बरोबर यायची. भाविक नावाचा एक मुलगा आला होता, वर्गात चकार शब्द बोलायचा नाही. घरचे म्हणायचे, मुका आहे की काय कोण जाणे. सुकन्याने त्याला रोज येता-जाता कुठे मान वळवतो ते बघितलं. रस्त्याकडेला नव्या गोडाऊनसाठी जमीन सपाट करणारा जेसीबी दिसला की तो थांबायचा. तिने जेसीबीचं पुस्तक शोधून आणलं. पान उघडताच भाविक ओरडला, “बकेट!” आणि मग दिवसभर थांबलाच नाही. त्याची आई दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आली. गावात बोललं जाऊ लागलं की ताईंना पोरांचं कळतं. सुकन्या वरवर “कसलं काय” म्हणायची, पण आतून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. कोणत्या मुलाला काय द्यायचं हे आपल्याला कळतं.

त्याच सुमारास रूपा आली.

तिला तिचा बाप घेऊन आला, जीवन. तो वडप्याला मुलांच्या पुस्तकांच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होता. भाद्रपदात त्याची बायको मेघाली काविळीने गेली. गावातली तरणीताठी बाई, सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे सुकन्यालाही ते कळलं होतं. जीवनच्या एका हातात रूपाचं बोट होतं आणि काखेत एक खोका.

“ताई, ही पुस्तकं आणलीत. कोपरे दबलेली, कव्हर चिरडलेली. कंपनी असला डॅमेज माल कामगारांना नेऊ देते,” तो म्हणाला. मग रूपाकडे न बघता हळूच म्हणाला, “हिच्याशी जरा बोलत जा तुमी. घरी कुणाशी बोलत न्हाय. माझ्या आईशी पण न्हाय.”

“तुम्ही काळजी करू नका, भाऊ,” सुकन्या म्हणाली. “रुळेल हळूहळू.”

तिने बऱ्याच चौकशा केल्या. जेवते का, झोपते का, दुपारी कोण सांभाळतं. जीवनची आई हौसा सांभाळायची. पोरीला काय आवडतं, कशाला घाबरते, तेही तिने विचारलं. एक गोष्ट मात्र विचारली नाही. आई कुठे गेली म्हणून या पोरीला तुम्ही काय सांगितलंय, हे ती विचारायची राहिली. पुढे कितीतरी दिवस भात कालवताना, रिक्षात बसलेली असताना, तिला तो प्रश्न ऐकू यायचा. एवढासा प्रश्न. जीवन समोर उभा होता, घाईतही नव्हता.

रूपा दाराशी बसायची, चपलांच्या ढिगाजवळ. खिचडी आली की वाटी पुढ्यात घेऊन बसायची आणि तशीच परत करायची. मुलांनी हात धरून ओढलं तर हात सैल सोडून द्यायची, जणू तो तिचा नाहीच. सुकन्या तिच्यावर जबरदस्ती करत नव्हती. एका दुपारी मुलं घरी गेल्यावर तिने जीवनने आणलेला खोका उघडला आणि नेहमीसारखी फरशीवर बसली.

तिने त्या दिवशी निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू शकणार नाही. रूपा डोळ्यांसमोर ठेवूनच ती एकेक पुस्तक बघत होती. सावत्र आईची गोष्ट निघाली, ती तिने खोक्याच्या तळाशी टाकली. एका पुस्तकात घरातली दिवाळी होती आणि पानोपानी आई होती, रांगोळी काढणारी, उटणं लावणारी. तेही बाजूला ठेवलं. मग एक हिरवं पुस्तक हाती आलं. शिंपी पक्ष्याचं. मोठ्या पानांच्या कडा चोचीने शिवून केलेलं घरटं आणि त्यात एकटं पिल्लू. आई चारा आणायला गेलेली. पिल्लू वाट बघतं. वारा येतो, अंधारून येतं, पान हलतं, पिल्लू घाबरतं पण घरटं सोडत नाही. चित्रं फार सुंदर होती. पानभर हिरवा रंग, आणि मधे अंगठ्याएवढं पिल्लू. तिने अक्षरांवर हात ठेवला. हात न ठेवताही ते कळलं असतं. दाराशी बसलेली रूपाच होती ती.

शेवटच्या पानावर आई परत आली होती.

सुकन्याचा हात त्या पानावर क्षणभर थांबला. थांबला होता हे तिला नंतर स्वच्छ आठवायचं. पण मग तिने विचार केला, गोष्ट गोड संपते, पोरगी हसेल तरी. आणि तिने ते पुस्तक फळीवर समोरच मांडलं.

दुसऱ्या दिवशी गोष्ट चालू असताना रूपा चपलांपासून उठली आणि चटईच्या काठाशी येऊन उभी राहिली. तिसऱ्या-चौथ्या पानाला ती खाली बसली. पुस्तक मिटल्यावर तिने सुकन्याचा पदर ओढला.

“परत,” ती म्हणाली.

बालवाडीत बोललेला तिचा पहिला शब्द. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने परत वाचलं, परत म्हटल्यावर आणखी एकदा वाचलं. संध्याकाळी दुकानात चहा घेऊन गेली तेव्हा भूपेश तांब्याची तार गुंडाळत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

“बघ,” तो म्हणाला, “तुझी दवा लागू पडली.”

आणि तसंच दिसत होतं. रूपा खायला लागली. आधी दोन घास, मग अर्धी वाटी. नाव विचारलं तर सांगू लागली. हौसा न्यायला यायची तेव्हा तिच्याकडे धावत जायची. पण पुस्तक मात्र तिला तेच हवं असायचं. बाकीची मुलं कंटाळली. “ताई, परत पिल्लूवालं नको,” अशी कुरकुर करू लागली. म्हणून सुकन्या बाकीच्यांना खेळायला सोडून रूपाला एकटीला मांडीवर घेऊन ते वाचायची. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लागते, हे ती डी.एड.ला शिकली होती आणि इतक्या वर्षांत तिने पाहिलंही होतं. तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

एक दिवस शेवटचं पान उलटायच्या आधी रूपाने पानावर हात दाबून धरला.

“ताई, येते ना?”

“येते की.”

“नक्की?”

“नक्की येते,” सुकन्या तिच्या केसांवर हनुवटी टेकवून म्हणाली. “पिल्लाने हलायचं नाही. जिथून आई गेली तिथंच बसून राहायचं. मग आई येतेच.”

रूपाने हात उचलला. पान उलटलं. आई आली होती.

मेघालीला दवाखान्यात नेलं होतं ते दिघाशीच्या फाट्यावरून, पांढऱ्या ईको गाडीतून. घराच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती म्हणून दोघांनी धरून तिला फाट्यापर्यंत चालवत नेलं होतं, आणि रूपा आजीच्या कडेवरून हात हलवत होती. त्यानंतर तिने आईला पाहिलं नाही. मेघालीला घरी आणलं तेव्हा पोरीला आत्याकडे पाठवून दिलेलं होतं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दुपारी हौसाने रूपाला जेवू घातलं, शेजारी निजवलं आणि तिचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा पोरगी जागेवर नव्हती. रूपा फाट्यावर होती. तिथल्या पानटपरीवाल्याने नंतर सांगितलं, पोर बराच वेळ दगडावर शांत बसून होती, मला वाटलं घरचं कुणी असेल जवळपास. मग अंबाडीकडून एक पांढरी ईको आली आणि ती उठून तिच्याकडे पळत सुटली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी फिरवली, म्हणून पोर वाचली. गाडीची कड लागून ती खडीवर फेकली गेली आणि तिचा उजवा हात कोपरापाशी मोडला.

सुकन्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांकडून कळलं. “ताई, रूपाला गाडीने ठोकली.” मुलांना कसंबसं सांभाळून, सगळ्यांना घरी पोहोचवून ती तशीच जीवनच्या घरी गेली. वाटेत बिस्किटांचा पुडा घेतला. अजून तिच्या मनात काही आलं नव्हतं. पोर खेळता खेळता रस्त्यावर गेली असेल, एवढंच.

हौसा ओट्यावर बसली होती. तिने सुकन्याला वर ये म्हटलं नाही.

“कशी आहे मावशी आता?”

“हाय. प्लास्टर घातलंय,” हौसा म्हणाली. आणि मग तिच्याकडे सरळ बघत म्हणाली, “पोरगी काय बोलते ठावं हाय तुला? बोलते, ताई बोलली. हलायचं न्हाय, आई गेली तिथंच बसायचं, आई येते.”

सुकन्याच्या हातातला पुडा चुरगळला. “मावशी, मी पुस्तकातलं... पक्ष्याची गोष्ट होती ती.”

“पुस्तकातलं आन भायेरचं तिला काय कळतंय? चार वर्साची पोर ती.”

“पण तिला तुम्ही सांगितलं नव्हतं का? मेघाली गेली म्हणून?”

“काय सांगू? कसं सांगू?” हौसाचा आवाज चढला. “आमी बोललो, दवाखान्यात हाय, बरी झाली का येल. आमाला काय हौस होती का खोटं बोलायची? पयले रोज इचारायची. मग कमी झालं. हळूहळू इसरली असती. तू इसरू दिलं न्हाय तिला.”

सुकन्याला यावर बोलण्यासारखं खूप होतं. मुलं विसरत नाहीत, नुसती विचारायची थांबतात. तुम्ही खरं सांगायला हवं होतं. पण हे कुठल्या तोंडाने म्हणणार? पोरीला काय सांगितलंय हे तिने स्वतः तरी कुठे विचारलं होतं?

आतून रूपाने हाक मारली. “ताई आली?”

हौसा अडवायला उठली नाही. सुकन्या आत गेली. रूपा खाटेवर होती, गळ्यात अडकवलेल्या झोळीत पांढरा हात. गालावर खरचटलेलं.

“ताई,” ती हळूच म्हणाली, आजीला ऐकू जाऊ नये अशी, “मी हलली ना, पळाली, म्हणून आई न्हाय आली?”

सुकन्या खाटेच्या कडेला बसली. दारातून हौसा बघत होती. खरं सांगायचा तिला हक्क नव्हता, आणि आता आणखी एक खोटं तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

“नाही गं बाय,” ती एवढंच म्हणू शकली. “तुझं काही चुकलं नाही. तुझं काहीच चुकलं नाही.”

“मग कधी येल?”

सुकन्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ती उठली. बिस्किटांचा पुडा खाटेवर ठेवून बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, पोरीने विचारलेल्या प्रश्नाला पाठ दाखवून आपण आलो.

त्यानंतर रूपा बालवाडीत आली नाही. हिरवं पुस्तक फळीवरून काढून सुकन्याने घरी नेलं आणि लोखंडी कपाटाच्या वर ठेवलं. घरात वावरताना तिची नजर तिथे जायची. भूपेशने दोनदा समजावलं. “तू काय मुद्दाम केलंस का? घरच्यांनीच लपवलं होतं.” ते खरंही होतं. पण सुकन्याला आपला पानावर थांबलेला हात आठवायचा. ज्याला काहीच कळलं नाही त्याची गोष्ट वेगळी. तिला कळलं होतं, क्षणभर का होईना, आणि तरी तिने ते पुस्तक फळीवर मांडलं होतं. नारळ मिळाला होता ना मागच्या वेळी. तिला वाटलं होतं, आपला हात चुकणार नाही.

महिनाभराने जीवन अंबाडीच्या दुकानात आला. भूपेशने स्टूल पुढे केलं, सुकन्याला घरातून बोलावून आणलं. जीवन उभाच राहिला.

“ताई, आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “चूक आमची पण हाय. पोरगी आता दारातच बसून असते. हलतच न्हाय. संडासला नेली तर रडते, बोलते आई येऊन परत जाईल. माझ्याच्यानं बोलवत न्हाय. एखादं पुस्तक असेल ना तसलं? म्हणजे मेलेल्याचं. तुमी निवडून द्या. मी नुसतं वाचून दाखवीन.”

“बघते,” सुकन्या म्हणाली.

ती दुसऱ्याच दिवशी भिवंडीला गेली. चाचांना नवल वाटलं, वर्षातून एकदा येणारी बाई माघातच कशी आली. ती नेहमीच्या जागी बसली, पण या वेळी तिने अक्षरांवर हात ठेवला नाही. एकेक ओळ वाचत होती, परत वाचत होती, ओठ हलवून रूपाच्या तोंडचे प्रश्न स्वतःला विचारत होती. एका पुस्तकात आजोबा चांदणी होऊन आकाशात गेले होते. म्हणजे रूपा आता आकाशाकडे बघत बसणार. एकात म्हातारा हत्ती कायमचा झोपी गेला होता. मग पोरगी झोपायलाच घाबरेल, किंवा विचारेल, उठवत का नाही. एकात देवाघरी गेली असं लिहिलं होतं. देवाचं घर कुठं, कोणत्या फाट्यावरून जायचं? सुकन्याने पुस्तक मिटलं. पूर्वी अशी पुस्तकं तिने सहज वाचून दाखवली असती. आता प्रत्येक पानाआड एक फाटा आणि एक पांढरी गाडी दिसत होती.

“किस उम्र का बच्चा है?” चाचांनी विचारलं. “मैं निकाल के देता हूँ.”

“रहने दो, चाचा,” ती म्हणाली आणि पिशवी घडी करून उठली.

जीवनच्या सुट्टीच्या दिवशी ती दुपारी त्यांच्या घरी गेली. रूपा उंबऱ्यात बसलेली होती. प्लास्टर मळकं झालं होतं.

“पुस्तक नाही मिळालं,” सुकन्या जीवनला म्हणाली. “तुम्हालाच सांगावं लागेल, भाऊ. सरळ शब्दांत. मी बाजूला बसते.”

हौसा आत निघून गेली. जीवन मुलीशेजारी उंबऱ्यावर बसला. त्याने स्वतःच्या हाताच्या शिरा दाबल्या. खोक्यांच्या पट्ट्या कापून कापून त्या हातांवर बारीक रेघा उमटलेल्या होत्या.

“रूपा. आई मेली, बाय,” तो म्हणाला. “लय आजारी होती. डॉक्टरनी औषधं दिली, पण मेली. आता ती येणार न्हाय. तू इथं बसलीस तरी न्हाय, उठलीस तरी न्हाय. तुझ्यामुळं कायच झालं न्हाय.”

आत हौसाने मोठ्याने हुंदका दिला.

रूपा रडली नाही. तिने विचारलं, “गाडीतून गेली ती?”

“गाडीतून दवाखान्यात गेली. तिकडं मेली. मग आमी तिला घरी आणली. नदीवर नेली.”

“मी कुठं होती?”

“आत्याकडं.”

“मला का न्हाय बोलावलं?”

जीवनने नुसती मान हलवली आणि मग त्याचे खांदे गदगदायला लागले. रूपाने बापाकडे बघितलं, आणि मग पलीकडे बसलेल्या सुकन्याकडे.

“ताई, तू खोटी बोललीस?”

“हो,” सुकन्या म्हणाली. “मी पुस्तकातल्या आईचं बोलत होते. तू तुझ्या आईचं विचारत होतीस. मला ते कळायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

रूपा उठली, सुकन्याच्या शेजारून आत गेली आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसून बसली. तिथे मग ती रडली. सुकन्याला ते रडणं ओट्यावर ऐकू येत होतं. तिघंही त्या पोरीशी खोटं बोलले होते, पण बापाला आणि आजीला सोडून ती कुठे जाणार होती? रागवायला तिला परवडेल असं एकच माणूस होतं. सुकन्याने ते समजून घेतलं. चपला घातल्या आणि निघाली.

उंबऱ्यात बसणं थांबलं, एवढं जीवनने भूपेशकडे निरोप ठेवला. वय झाल्यावर रूपाला गावच्या शाळेत घातलं. हात बसला, थोडा वाकडा राहिला. बालवाडीच्या वाटेने ती कधी आली नाही, आणि सुकन्याने बोलावलं नाही.

बालवाडी चालू राहिली. पण निवडण्याचं ते जुनं सुख गेलं. नवीन मूल आलं की आता ती आईबापांना बसवून सगळं विचारते. घरात कोण गेलंय, कोण घर सोडून गेलंय, मुलाला काय सांगितलंय. काही जण सांगतात, काही जण चिडतात. बाजारपेठेतल्या दुकानात ती सकाळी बसते ती दुपारपर्यंत बसून राहते आणि दोन-चार पुस्तकं घेऊन उठते. गाड्यांची, भाज्यांची, प्राण्यांच्या पायांच्या ठशांची. एखादी फार छान गोष्ट हाती लागते, ती उघडते, हसते, आणि परत ढिगात ठेवते. चाचा आता चेष्टा करत नाहीत. मुलं मात्र कधीकधी विचारतात, “ताई, गोष्टवालं न्हाय आणलंस?” भाविकनंतर कुणी तसं ओरडून बोलायला लागलं नाही. तसं करायला पुस्तक बिनधास्त द्यावं लागतं, आणि ती बिनधास्त राहिली नव्हती.

तीन-चार वर्षांनी, यंदा दिवाळीनंतर, ती भिवंडीहून पुस्तकांची पिशवी घेऊन आली आणि आधी भूपेशच्या दुकानातच टेकली. काउंटरपाशी हौसा उभी होती, मिक्सर दुरुस्तीला घेऊन. बाजूला शाळेच्या कपड्यांत एक उंच, सडसडीत मुलगी दुकानाच्या पाटीवरची अक्षरं पुटपुटत होती. सुकन्याने तिला वाकड्या कोपरावरून ओळखलं.

“बस, मावशी,” ती म्हणाली.

हौसा पार थकली होती. राग कुठे दिसत नव्हता. “बरी हायस ना?” तिने विचारलं, आणि नातीला पुढे ढकललं. “रूपा, ताईंना ओळखलंस? बालवाडीच्या ताई.”

रूपाने बघितलं. लाजून हसली, अनोळखी मोठ्या माणसाकडे बघून मुलं हसतात तशी, आणि मान हलवली. नाही.

“लहान होती ना,” हौसा म्हणाली. “तिला कायच आठवत न्हाय आता. मेघालीचा फोटो दाखवला तर बघते, बस. कशी बोलायची, कशी हसायची, मलाच इचारते.” मग सुकन्याच्या पिशवीकडे बघून म्हणाली, “पुस्तकं वाटतं? दे की हिला एखादं. वाचते आता चांगली. तुला कळतं कुठलं द्यायचं ते.”

सुकन्याने पिशवीत हात घातला. बोटांना एक पुस्तक लागलं, मग दुसरं. कुठलंच धरवेना. शेवटी तिने पिशवीच काउंटरवर उपडी केली आणि पुस्तकं पसरली.

“तूच घे,” ती म्हणाली. “तुला हवं ते.”

रूपाने एकेक उचललं. पानं भराभरा फिरवली. शेवटचं खाली ठेवून आजीच्या पदराला हात पुसले.

“नको,” ती म्हणाली. “ही चित्रांची हायत. बारक्या पोरांची.”

“बरं,” सुकन्या म्हणाली.

भूपेशने मिक्सर सुरू करून दाखवला. हौसाने तो पिशवीत भरला, नातीचा हात धरला, आणि दोघी दिघाशीच्या रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षा भरेपर्यंत रूपा आजीला समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होती, मोठ्या आवाजात, अडखळत, चुकलं की परत सुरुवातीपासून. सुकन्या काउंटरवरची पुस्तकं गोळा करत ते ऐकत राहिली.